सुटलेला पॉलिप आणि न शिकवलेली नजर

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, करताना डॉक्टर नळी आधी आतड्याच्या पार सुरुवातीच्या टोकापर्यंत, म्हणजे सीकमपर्यंत, नेतात आणि मग ती सावकाश बाहेर घेत घेत आतली भिंत पाहतात. खरी तपासणी होते ती या परतीच्या वाटेवर. समोरच्या पडद्यावर ओलसर, गुलाबी, चकाकणारा बोगदा दिसत असतो. त्याच्या भिंतीला थोड्या थोड्या अंतरावर घड्या असतात आणि प्रत्येक घडीमागे एक आडोसा. कुठे पिवळसर पाणी साचलेले, कुठे फेस, कुठे दिव्याचा झोत ओल्या भिंतीवर पडून उमटलेला पांढरा ठिपका. आतडे मधूनच आकसते, रुग्ण श्वास घेतो, चित्र हलते. या सगळ्यात एखाद्या घडीच्या कडेवर पाच मिलिमीटरचा, आजूबाजूच्या भिंतीच्याच रंगाचा, किंचित उचललेला भाग असतो. एरवी भिंतीवर दिसणारी बारीक रक्तवाहिन्यांची जाळी तेवढ्या जागी पुसल्यासारखी झालेली असते. खूण एवढीच. ती दोन-तीन सेकंद पडद्यावर राहते आणि नळी मागे सरकली की नाहीशी होते. दिसली, तर तारेच्या फासाने तो पॉलिप तिथल्या तिथे कापून काढता येतो आणि काही वर्षांनी त्यातून होऊ शकणारा कॅन्सर टळतो. नाही दिसली, तर रुग्णाच्या हाती ‘नॉर्मल’ रिपोर्ट पडतो आणि तो निर्धास्त होऊन घरी जातो.

अशा खुणा किती सुटतात, हे तपासण्याचा एक सरळ मार्ग आहे. एकाच रुग्णाची एकाच दिवशी लागोपाठ दोनदा तपासणी करायची आणि पहिल्या वेळी न सापडलेले दुसऱ्या वेळी किती सापडते ते मोजायचे. अशा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅन्सरमध्ये बदलू शकणाऱ्या पॉलिपना अ‍ॅडिनोमा म्हणतात. पहिल्या तपासणीत असे सुमारे २६ टक्के अ‍ॅडिनोमा निसटतात, असे त्या विश्लेषणात दिसले. बहुतेक लहान होते हे खरे, पण चारातला एक हे प्रमाण कोणत्याही तपासणीला अस्वस्थ करणारेच आहे. त्याहून अस्वस्थ करते ती डॉक्टराडॉक्टरांमधली तफावत. कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेने १३६ तज्ज्ञांनी केलेल्या ३ लाख १४ हजारांहून अधिक कोलोनोस्कोपींचा हिशेब २०१४ मध्ये मांडला. तपासलेल्या दर शंभर जणांमागे किती जणांत अ‍ॅडिनोमा सापडला, हा आकडा एका डॉक्टरकडे ७.४ टक्के होता, तर दुसऱ्याकडे ५२.५ टक्के. संस्था एक, प्रांत एक, रुग्णही साधारण एकाच तऱ्हेचे. हा आकडा, म्हणजे शोधदर, एका टक्क्याने वाढला की तपासणीनंतर मधल्या काळात कॅन्सर उद्भवण्याचा धोका ३ टक्क्यांनी घटतो, असेही त्या अभ्यासात आढळले. त्याआधी २०१० मध्ये पोलंडमधल्या ४५ हजार लोकांच्या तपासणीतून हेच समोर आले होते. ज्या डॉक्टरांचा शोधदर २० टक्क्यांखाली होता, त्यांच्या रुग्णांना असा कॅन्सर होण्याचा धोका दहापटीहून अधिक निघाला. आपली तपासणी कोणाच्या हातून होते, यावर रुग्णाचे भवितव्य इतके अवलंबून असेल, तर तो फरक कशाने पडतो हे शोधणे वैद्यकशास्त्राचे कर्तव्य ठरते.

आपल्याकडे या फरकाला एक तयार उत्तर आहे. ‘हळूहळू नजर तयार होते,’ असे शिकाऊ डॉक्टरला सांगितले जाते. केसेस बघत राहा, वरिष्ठांच्या मागे उभे राहा, शे-दोनशे तपासण्या हाताखालून गेल्या की आपोआप कळायला लागेल. हे उत्तर पूर्ण खोटे नाही, पण ते अपुरे आहे आणि रुग्णाच्या दृष्टीने धोक्याचेही. नळी कशी धरायची, वळणावर मनगट कसे फिरवायचे, वेटोळे झाले तर ते कसे सोडवायचे, हे सारे हाताला धरून शिकवले जाते. पाहायचे कसे, हे मात्र कोणी शिकवत नाही, कारण दुसऱ्याची नजर कुठे आहे हे शिक्षकाला दिसतच नाही. हात दिसतो, डोळा दिसत नाही. ही अडचण आता उरलेली नाही. नजरेचा माग घेणारे तंत्र, आय ट्रॅकिंग, हाताशी आहे, आणि दुर्बिणीने तपासणी करायला शिकणाऱ्या प्रत्येक डॉक्टरच्या प्रशिक्षणात त्याचा वापर व्हायला हवा, असे माझे ठाम म्हणणे आहे.

असे का म्हणतो, ते समजायला डोळा कसा पाहतो हे लक्षात घ्यावे लागते. समोरचे सगळे चित्र आपल्याला एकसारखे स्पष्ट दिसते असे वाटते, पण तो भास आहे. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढ्याच भागात आपली दृष्टी खरी तीक्ष्ण असते, बाकीचे धूसर. ही उणीव भरून काढायला डोळा सेकंदाला तीन-चार उड्या घेत असतो. एका जागी टेकतो, तिथले टिपतो, पुढे उडतो. उडी चालू असताना तर आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणजे दोन-तीन सेकंद पडद्यावर राहिलेल्या पॉलिपसाठी डोळ्याकडे फार तर दहाएक मुक्काम असतात, आणि ते कुठे पडले यावर सगळे ठरते. आय ट्रॅकर हे मुक्काम नोंदवतो. पडद्याखाली बसवलेली एक पट्टी डोळ्यांवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर त्याची चमक उमटते, आणि ती चमक व बाहुलीचा मध्य यांच्यातले अंतर कॅमेरा मोजत राहतो. त्यावरून नजर पडद्याच्या कोणत्या बिंदूवर आहे याचे गणित होते. डॉक्टरला डोक्यावर काही घालावे लागत नाही. नंतर तपासणीची चित्रफीत लावली की तिच्यावर एक ठिपका फिरताना दिसतो. ती त्या डॉक्टरची नजर.

या ठिपक्याने काय साधते, याचे सर्वांत चांगले उत्तर एंडोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीच्या, आधी क्ष-किरणशास्त्रात मिळाले. हॅरोल्ड कुंडेल आणि कॅल्विन नोडीन यांनी १९७० च्या दशकात छातीचे एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेचा माग घेतला आणि फुफ्फुसातल्या ज्या गाठी सुटल्या होत्या त्यांचे वर्गीकरण केले. सुमारे तीन दशांश गाठींपर्यंत नजर पोचलीच नव्हती. पाव हिश्श्याच्या आसपास गाठींवर नजर पडली होती, पण ओळख पटण्याइतकी टिकली नव्हती. आणि उरलेल्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या गाठींवर नजर चांगली रेंगाळली होती. डॉक्टरने त्या पाहिल्या, मनात तोलल्या आणि ‘काही नाही’ असे ठरवून सोडल्या. रिपोर्टवर तिन्हींचा परिणाम एकच, गाठ सुटली. पण दोष तीन वेगळे आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे. ज्याची नजर पोचत नाही त्याला फिरण्याची शिस्त शिकवावी लागते, ज्याची टिकत नाही त्याला खुणा ओळखायला शिकवाव्या लागतात, आणि जो पाहूनही सोडतो त्याचा निवाडा सुधारावा लागतो. एंडोस्कोपीत या तिन्हींच्या आधी चौथा दोष येतो. पॉलिप घडीमागेच राहिला आणि पडद्यावर आलाच नाही, तर डोळा काय करणार? हा दोष हाताचा. आज शिक्षक या चारही दोषांना मिळून ‘लक्ष देऊन बघ’ एवढेच सांगू शकतो. पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णाला एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

नुसते ‘लक्ष देऊन’ पाहिल्याने भागत नाही, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने लख्खपणे दाखवले. ट्रॅफ्टन ड्र्यू, मेलिसा व्हो आणि जेरेमी वोल्फ यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन देऊन त्यातल्या गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये त्यांनी एका गोरिलाचे चित्र घातले होते, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठे. २४ पैकी २० जणांना तो दिसला नाही, आणि या २० पैकी १२ जणांची नजर थेट त्या जागेवर पडली होती. ही माणसे निष्काळजी नव्हती, उलट नेमून दिलेल्या कामात गढलेली होती. डोळे उघडे असणे, नजर त्या जागी असणे आणि प्रत्यक्ष दिसणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाचा जीव या तिसऱ्या गोष्टीवर अवलंबून असतो आणि आपण शिकवताना पहिलीवरच थांबतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते वजनदार आहेत. पहिला आक्षेप असा, की एंडोस्कोपीतले नजरेचे अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. हे खरे आहे. फ्लोरिडातल्या मेयो क्लिनिकमधल्या २०११ च्या प्राथमिक अभ्यासात, ज्यांचा शोधदर चांगला त्यांची नजर पडद्याच्या मध्यभागी जास्त वेळ राहते असे दिसले. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या गटाला २०१८ मध्ये जवळपास उलट आढळले. पडद्याच्या खालच्या आणि बाजूच्या कडांवर नजर फिरवणाऱ्यांना पॉलिप जास्त सापडत होते. मग शिकाऊ डॉक्टरला सांगायचे काय, मध्ये बघ की कडेला? मला वाटते हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. नजर कुठे ठेवावी हे हात काय करतो यावर ठरते. जो डॉक्टर नळीचे टोक सतत फिरवून प्रत्येक घडी चित्राच्या मध्यभागी आणतो, त्याला मध्यावर पाहणे पुरते. जो नळी सरळ मागे घेतो, त्याच्या पडद्यावर भिंती कडेनेच सरकतात, म्हणून त्याने कडा पाहिल्याच पाहिजेत. दोन्ही अभ्यासांचा असा मेळ लावणे हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण निष्कर्ष जुळत नाहीत म्हणून सर्वांवर लादायचा ‘आदर्श नजरमार्ग’ आज ठरवता येत नाही, एवढेच यातून सिद्ध होते. एका विशिष्ट डॉक्टरला त्याच्याच सुटलेल्या पॉलिपवर त्याची नजर कुठे होती हे दाखवायला अशा आदर्शाची गरज पडत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी हातांकडून येतो. नजरेचे कौतुक पुरे, आतडे स्वच्छ असेल, हवा नीट भरली असेल, घडीमागे नळी वळवली असेल आणि वेळ दिला असेल, तर पॉलिप दिसतोच. या म्हणण्याला पुरावा आहे. इलिनॉयमधल्या रॉकफर्डच्या १२ तज्ज्ञांवरचा अभ्यास २००६ मध्ये आला. नळी बाहेर घेताना सरासरी ६ मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ घेणाऱ्यांना २८.३ टक्के रुग्णांत काही ना काही सापडले, तर घाई करणाऱ्यांना ११.८ टक्क्यांत. तेव्हापासून घड्याळ लावण्याची पद्धत जगभर रुळली आणि ते चांगलेच झाले. पण वेळ हे भांडे आहे, त्यात काय भरायचे ते वेगळे शिकावे लागते. घडीमागे वळायचे कुठे, हे ठरवतानाही डोळाच आधी काहीतरी हेरतो आणि मग हात वळतो. आठ मिनिटे घेऊनही नजर पडद्याच्या एकाच कोपऱ्यात अडकलेली असू शकते आणि घड्याळाला ते कळत नाही. हाताचे शिक्षण कमी करा असे कोणी म्हणत नाही. पण चारांपैकी एकाच दोषावर इलाज करून बाकीच्या तिन्हींकडे पाठ फिरवणे हे अर्धे शिक्षण आहे.

पाहणे शिकवता येते का, या प्रश्नाचे उत्तर आता ‘हो’ असे देता येते. फ्लोरिडाच्या त्याच मेयो क्लिनिकमध्ये तज्ज्ञांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले गेले. एका गटाला पॉलिपच्या सूक्ष्म खुणा ओळखण्याचे आणि पाहण्याच्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले. त्यांचा शोधदर ३६ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर गेला, दुसरा गट होता तिथेच राहिला. लक्षात घ्या, ही शिकाऊ मुले नव्हती, वर्षानुवर्षे हे काम करणारे डॉक्टर होते. ‘आपोआप’ तयार व्हायची ती नजर त्यांची एव्हाना तयार झालेली असायला हवी होती. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया शिकणाऱ्यांबाबत इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की तज्ज्ञाची नजर कुठे टेकते हे नवशिक्यांना दाखवून तशी नजर ठेवायला शिकवले, तर हातही लवकर शिकतो आणि दुसरीकडे चित्त वेधले गेले तरी काम बिघडत नाही. आपल्या जवळचा दाखला हवा असेल तर तो मुंबईतच आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर अनेक वर्षे एक चाचणी चालवली. डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेविकांना चार आठवडे शिकवून, गर्भाशयमुखाला व्हिनेगरमधले पातळ आम्ल लावून केवळ डोळ्यांनी तपासायला लावले. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या चाचणीतल्या तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल गंभीर नैतिक प्रश्न विचारले गेले आणि ते विचारायलाच हवे होते. पण त्या सेविकांचे डोळे तयार झाले ते पद्धतशीर शिकवण्याने आणि त्यांच्या निदानांची तज्ज्ञांच्या निदानांशी पडताळणी होत राहिल्याने, हे कोणी नाकारू शकत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता पडद्यावर पॉलिपभोवती चौकट काढून दाखवत असताना माणसाच्या नजरेवर मेहनत कशाला? हे यंत्र खरोखर चांगले काम करते. २०२० मध्ये इटलीत झालेल्या चाचणीत त्याच्या मदतीने शोधदर ४०.४ टक्क्यांवरून ५४.८ टक्क्यांवर गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये अशा पहिल्या यंत्राला परवानगी दिली. मी त्याच्या विरोधात नाही. पण जे कॅमेऱ्यासमोर आलेच नाही त्याभोवती यंत्र चौकट काढू शकत नाही, आणि काढलेली चौकट खरी की खोटी हे शेवटी माणूसच ठरवतो. म्हणजे चारांपैकी पहिला आणि शेवटचा दोष जागच्या जागी राहतो. शिवाय यंत्र शेजारी असले की माणसाची नजर बदलते. जर्मनीत वुर्झबर्गला झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आय ट्रॅकरने नेमके हेच टिपले. यंत्र चालू असताना पाहणाऱ्यांचे डोळे पडद्यावर कमी फिरले आणि निरोगी भिंतीला पॉलिप समजण्याच्या चुका वाढल्या. चौकट येईल तेव्हा बघू, अशी सवय डोळ्याला नकळत लागते. त्याचा पुढचा टप्पा पोलंडमध्ये दिसला. तिथल्या चार केंद्रांत यंत्र वापरात आल्यानंतर, यंत्राविना केलेल्या तपासण्यांतला शोधदर २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरला, असे ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, घसरणीला दुसरी कारणेही असू शकतात. तरी इशारा म्हणून तो पुरेसा आहे. ज्या देशात मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात यंत्र असेल आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नसेल, तिथे यंत्रावर विसंबलेला डॉक्टर जिल्ह्याला गेला तर रुग्णाने कोणाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा? यंत्र जितके पसरेल तितकी माणसाच्या नजरेवर लक्ष ठेवण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो आपल्या परिस्थितीतून आलेला आहे. भारतात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी सरसकट तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. तो आहे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी. आपल्याकडे शौचातून रक्त पडले की ते मूळव्याधीचे समजून माणूस महिनोन् महिने काढतो आणि दुर्बिणीपर्यंत पोचतो तेव्हा गाठ चांगली वाढलेली असते. जिथे साधी कोलोनोस्कोपी वेळेवर होत नाही, तिथे नजरेचा माग घेण्याची चैन कशाला? या प्रश्नातली कळकळ मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. पैशांपासून सुरुवात करू. नजरेची पट्टी आता संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठीही बाजारात मिळते, आणि एंडोस्कोपीच्या एका संचाच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ आहे. प्रशिक्षणासाठी ती प्रत्येक खोलीत लागतही नाही. वैद्यकीय महाविद्यालयात एक संगणक, एक पट्टी आणि नोंद करून ठेवलेल्या चित्रफिती एवढ्यावर वर्ग चालू शकतो. रुग्णाला त्याची झळ लागत नाही.

पण मोठे कारण वेगळे आहे. आपल्याकडे पॉलिपचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, आणि जे क्वचित असते तेच नजरेतून सर्वांत जास्त सुटते. जेरेमी वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवले. एकमेकांवर चढलेल्या वस्तूंच्या, विमानतळावरच्या सामान तपासणीची आठवण करून देणाऱ्या चित्रांत लोकांना ठरावीक वस्तू शोधायची होती. ती निम्म्या चित्रांत असे तेव्हा ७ टक्के वेळा सुटली. शंभरात एकाच चित्रात असे तेव्हा ३० टक्के वेळा सुटली. डोळा तोच, वस्तू तीच. ‘बहुधा नसणारच’ ही मनातली अपेक्षा शोध लवकर थांबवते. लागोपाठ पंधरा नॉर्मल आतडी पाहिलेल्या डॉक्टरच्या सोळाव्या तपासणीत हेच घडण्याची भीती असते. म्हणजे कमी प्रमाण हे नजरेच्या शिक्षणाला नकार देण्याचे कारण होऊ शकत नाही, आपल्याला त्याची जास्त गरज असण्याचे ते कारण आहे. त्यातच आणखी एक पेच आहे. पाश्चात्त्य देशांत शोधदर हीच डॉक्टरच्या कौशल्याची मोजपट्टी मानतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी २०२४ मध्ये त्याची किमान पातळी ३५ टक्क्यांवर नेली. आपल्या रुग्णांत पॉलिपच कमी असतील आणि बहुतेक तपासण्या काही लक्षण दिसल्यावरच होत असतील, तर ही पट्टी इथे लागू पडत नाही. मग पुण्यातला किंवा नागपुरातला एखादा डॉक्टर चांगले पाहतो की नाही, हे ठरवायचे कशावर? सर्वांना एकच चित्रफीत दाखवणे, तिच्यात किती पॉलिप आहेत आणि ते कोणत्या सेकंदाला येतात हे आधी ठाऊक असणे, आणि पाहणाऱ्याच्या नजरेची नोंद घेणे, हा माझ्या मते त्यावरचा सर्वांत न्याय्य मार्ग आहे. त्यात रुग्णांच्या प्रमाणाचा, वयाचा, आतड्याच्या स्वच्छतेचा प्रश्नच येत नाही. सर्वांसमोर तेच आतडे असते.

राहिली ती भीती, आणि ती रास्त आहे. नजरेची नोंद उद्या व्यवस्थापनाच्या हाती गेली तर? सुटलेल्या पॉलिपवर डॉक्टरची नजर होती हे न्यायालयात दाखवले गेले तर? गोरिलाचा प्रयोग आठवला की कळते, की अशा नोंदीचा ‘पाहूनही दुर्लक्ष केले’ असा अर्थ लावणे शास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आणि माणूस म्हणून अन्यायाचे ठरेल. म्हणून ही नोंद वर्गातच राहावी. शिकणारा आणि शिकवणारा यांच्यापलीकडे ती जाऊ नये, आणि रुग्णावर चालू असलेल्या तपासणीत ती घेऊच नये, असा नियम हे तंत्र आणायच्या आधी व्हायला हवा. रुग्णालयाला डॉक्टरांचे काम तपासायचे असेल तर शोधदर आणि परतीचा वेळ आहेच, आणि त्याबरोबर रुग्णालयाने स्वतःकडेही पाहावे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांत सकाळच्या तपासण्यांत २९.३ टक्के रुग्णांत अ‍ॅडिनोमा सापडले, दुपारच्या तपासण्यांत २५.३ टक्के. दिवसभराच्या लांबलचक यादीने थकलेल्या डोळ्यांना दोष देण्याआधी ती यादी कोणी लावली, हे विचारले पाहिजे.

सुरुवात परीक्षेपासून करता येईल. पोटविकारांच्या उच्चशिक्षणात आज किती तपासण्या केल्या याची वही भरून घेतली जाते. ती वही राहू द्या, पण तिच्या जोडीला अंतिम परीक्षेत वीस मिनिटांची एक चित्रफीत ठेवा. आपल्याच रुग्णालयांतल्या, ओळख पुसलेल्या तपासण्यांमधून ती तयार होऊ शकते. तिच्यात बराच वेळ काहीच नसेल, मधेच एक मोठा, सहज दिसणारा पॉलिप येईल आणि त्याच चौकटीत कडेला दुसरा चपटा असेल, कारण एक सापडला की शोध सैल पडतो हेही नजरेच्या अभ्यासातून कळलेले आहे. उमेदवाराने दिसेल तिथे बटण दाबायचे. त्याला किती सापडले, जे सुटले त्यातल्या कशावर त्याची नजर गेलीच नव्हती आणि कशावर जाऊनही तो पुढे सरकला, हे त्याच दुपारी परीक्षक आणि उमेदवार शेजारी बसून पडद्यावर पाहतील.